सीजे-३बी जीपचं वायरिंग: अख्खं नवं करावं की आहे तेच सांधावं?

रामबागवाला
मंडळी, नमस्कार. मामांची १९७१ची महिंद्रा सीजे-३बी, पेट्रोल, आता माझ्याकडे आली आहे. इंदूरपाशी बेटम्याजवळ शेतावरच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, नवी बॅटरी लावली आणि इंजिन सुरू झालं. पत्राही बरा आहे.

घोडं अडलंय वायरिंगवर. डॅशबोर्डखाली मूळच्या तारा कुठल्या आणि नंतर कोणी कोणी ओढलेल्या कुठल्या, काही पत्ता लागत नाही. हॉर्नला चक्क घरातली पांढरी फ्लेक्स आहे. हेडलाइट लावले की अँमिटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डावीकडे, म्हणजे बॅटरी उतरतेय त्या बाजूला, पडतो आणि थोड्या वेळाने डॅशबोर्डमागून वास यायला लागतो. नवलख्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवली. तो म्हणाला, "भिया, टाइम मत बिगाड़ो, दो घंटे में सब डायरेक्ट कर देता हूँ." त्याला हात जोडून गाडी परत आणली.

तर प्रश्न असे. अख्खं हार्नेस (गाडीतल्या तारांचा सगळा जुडगा) नवं करावं की खराब तेवढ्याच तारा बदलाव्या? चार्जिंगला जुना डायनामो ठेवावा की नवा अल्टरनेटर बसवावा? गाडी रोजच्या वापराची नाही. रविवारी जानापाव, चोरल, फार तर मांडू. दिसायला मूळची हवी, पण पेटायला नको.

पोहे_शेव_जिरावण
आधी जाऊन बॅटरीची तार काढून या. मग पुढचे प्रतिसाद वाचा.

रामबागवाला
काढलीये हो. वास आला त्याच दिवशी काढली.

निवृत्त_फोरमन
नवं की जुनं हे ठरवायची साधी रीत आहे. हेडलाइटची, इग्निशनची आणि अँमिटरची अशा तीन तारा निवडा. टोकापासून चार बोटं आत आवरण सोला. आतलं तांबं लालसर चकचकीत असेल तर तार चांगली आहे, टोकं बदलून चालेल. काळं किंवा हिरवट पडलं असेल तर ती तार गेली. तिच्यावर रांगा (सोल्डर) धरत नाही, थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कनेक्टर) दाबलं तरी कॉन्टॅक्ट नीट बसत नाही, आणि तिथेच गरम होते. तिन्ही तशा निघाल्या तर डागडुजीच्या नादी लागू नका, अख्खं हार्नेस करा.

पण काहीही कापण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते काढा, दोन्ही टोकांना सारख्याच नंबराची चिठ्ठी लावा, मोबाइलवर फोटो घ्या. जुनं हार्नेस अख्खं बाहेर काढा आणि गाडी चालायला लागेपर्यंत फेकू नका. नव्याची लांबी आणि फांद्या कुठे फुटतात, हे त्याच्यावरूनच कळतं.

रंगांबद्दल: त्या काळच्या लुकास या इंग्रजी कंपनीच्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट. पांढरी इग्निशन स्विचनंतरची. हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, तीच पुढे इंडिकेटर, ब्रेक लाइट, वायपरला जाते. निळी हेडलाइटची: निळी-पांढरी अपर, निळी-लाल डिपर. लाल पार्किंग आणि टेल लॅम्पची, काळी अर्थची. पिवळी डायनामोच्या डी टोकाची, पिवळी-हिरवी एफ टोकाची. तुमच्या गाडीत पन्नास वर्षांत किती हात फिरले असतील कोण जाणे, म्हणून रंगावर भरवसा न ठेवता मीटरने खात्री करा. नवं करताना मात्र हेच रंग वापरा. पुढच्या माणसाचा दुवा मिळेल.

महूकर_मेघना
फोरमनकाकांना +१. आमच्याकडे महूला बाबांची जीप आहे, लष्करी लिलावातून आलेली. माझं एकच म्हणणं: अर्थिंगपासून सुरुवात करा.

आमच्या गाडीत इंजिन आणि चासीच्या मधली तांब्याची विणलेली पट्टी कोणीतरी गिअरबॉक्स उतरवताना काढली आणि परत लावलीच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे सेल्फच्या करंटला परत जायला रस्ता नाही. सेल्फ मारला की तो करंट चोकच्या केबलमधून जायचा. बाबा सेल्फ मारतायत आणि चोकच्या नॉबपाशी धूर! नॉब धरायला गेलेला आमचा ड्रायव्हर असा काही ओरडला की शेजारचे बाहेर आले. महिनाभर सगळे सेल्फची मोटर खराब म्हणून तिच्याच मागे लागले होते.

रामबागवाला, बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि चासी ते बॉडी अशा तिन्ही पट्ट्या नव्या लावा. जिथे बसणार तिथला रंग घासून उघडा पत्रा करा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन. रंगकाम करणारे सगळीकडे छान जाड रंग मारतात आणि मग टेल लॅम्पला अर्थ मिळत नाही.

तेली_बाखलचा_टिल्लू
ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो आणि इंडिकेटर दिला की टेल लॅम्प लुकलुकतो, तोही हाच आजार ना?

महूकर_मेघना
तोच. मागच्या लॅम्पचा अर्थ तुटला की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो. होल्डरपासून चासीपर्यंत वेगळी काळी तार ओढली की संपलं.

बडोदेकर
मी इथे वडोदऱ्याला महिंद्राचीच एमएम ५४० जीप पाळून आहे. डिझेल असल्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा, पण डायनामोबद्दल मत ठाम आहे: काढा. आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) डायनामो चार्जिंग देतच नाही. संध्याकाळी गणपती बघायला राजवाड्याकडे न्याल, हेडलाइट लावून पहिल्या गिअरमध्ये रांगत राहाल, आणि घरी ढकलत आणाल. ३५-४० अँपिअरचा साधा अल्टरनेटर लावा, डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटरचा डबा जाईल, कटकट जाईल.

मूळ_नट_बोल्ट
आणि गाडीचा आत्मा पण जाईल.

बडोदेकर
आत्म्याने हेडलाइट लागत नाहीत.

मूळ_नट_बोल्ट
लागतात, हिशेब करा. मूळचे हेडलाइट ४५ वॅटचे. दोन मिळून ९० वॅट, १२ व्होल्टला साडेसात अँपिअर. इग्निशन कॉइल चारेक. टेल, पार्किंग, डॅशबोर्ड मिळून दोनेक, वायपरचे दोन-तीन. सगळं एकदम लावलं तरी १६-१७. लुकासचा सी ४० डायनामो २२ अँपिअर देतो. म्हणजे चालत्या गाडीत पुरून उरतं. आयडलला देत नाही हे खरं, पण ज्याला जानापावला जायचंय तो आयडलवर किती बसणार? कमी पडतं ते लोकांनी १०० वॅटचे हॅलोजन आणि पुढच्या बंपरवर चार फॉग लॅम्प लावल्यावर. दोष डायनामोला.

शिवाय अल्टरनेटर लावणारे नव्वद टक्के लोक जुना अँमिटर तसाच ठेवतात (टक्केवारी माझ्या मनाची). त्या अँमिटरमधून गाडीचा सेल्फ सोडून सगळा करंट जातो. ३० अँपिअरच्या मीटरमधून उतरलेली बॅटरी भरणारे ४० अँपिअर गेले की मागचे नट तापतात. धागाकर्त्याला वास येतोय तो तिथलाच असणार. मागचे दोन नट ढिले आहेत का बघा.

बडोदेकर
अँमिटरचं मान्य. अल्टरनेटर लावला तर अँमिटर बाजूला करून व्होल्टमीटर लावावा, आणि बॅटरीपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची वेगळी तार न्यावी. पण मग पावसात, रात्री, सिमरोलचा घाट, वायपर चालू, पुढे ट्रकांची रांग. तेव्हा तुमचे २२ अँपिअर कुठे असतात ते मला सांगा.

पोहे_शेव_जिरावण
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. म्हणजे आमच्याकडे शेव.

निवृत्त_फोरमन
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अल्टरनेटर लावायचा झाला तर आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. जीप मूळची अमेरिकेच्या विलीजची, त्या घराण्यात निगेटिव्ह अर्थ असतो, पण त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत पॉझिटिव्ह असायचा, आणि मधल्या कुणी काय केलं असेल सांगता येत नाही. उलटा लावला तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. डायनामोला उलटसुलट चालतं, फक्त एफ टोकाला क्षणभर बॅटरी टेकवून ध्रुव बदलावे लागतात.

शनिवारपेठी_इंदूरकर
अवांतर: महिंद्राचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ला स्थापना. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ला कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली.

तेली_बाखलचा_टिल्लू
म्हणजे अर्थिंगचा प्रॉब्लेम तेव्हापासूनचा.

शनिवारपेठी_इंदूरकर
टिल्ल्या, नमस्कार घे. आणखी एक अवांतर: सीजे-३बीचं बॉनेट इतकं उंच का, असं मुलगा विचारत होता. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं, ते मावेना, म्हणून १९५३ला बॉनेटच उंच केलं. आता मूळ धाग्याकडे वळा.

रामबागवाला
सगळ्यांचे आभार. आज पूर्ण दुपार डॅशबोर्डखाली आडवा होतो. फोरमनकाकांनी सांगितल्याप्रमाणे तीन तारा सोलल्या. तिन्ही काळ्या. अँमिटरमागचा एक नट बोटाने फिरला, आणि त्याच्या थिंबलचं प्लास्टिक वितळून मागच्या पत्र्याला चिकटलंय. मूळ_नट_बोल्ट, साष्टांग.

फायरवॉलमधून (इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून) तारा जिथून इंजिनकडे जातात त्या भोकाला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेने तपकिरी तारेचं आवरण अर्धं कापलंय. तपकिरी! म्हणजे बॅटरीचा थेट करंट, मध्ये एकही फ्यूज नाही. उजव्या सीटखाली उंदरांनी घर केलं होतं, त्यात टेल लॅम्पच्या लाल तारेचे तुकडे आणि कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचा गणपती सापडला. एक हिरवी तार अशी आहे की ती डॅशबोर्डच्या डावीकडून निघते, सगळीकडे फिरून उजवीकडे येते आणि कशालाच जोडलेली नाही. तीही तितक्याच प्रेमाने टेपने गुंडाळलेली.

तेव्हा अख्खं नवं हे नक्की. आता रेडिमेड हार्नेस घेऊ की घरी बनवू?

महूकर_मेघना
रेडिमेड आम्ही आणलं होतं. लांबी कुठे कमी कुठे जास्त, आणि तारा हाताला बारीक लागत होत्या. दुकानदार म्हणाला "सब में चलता है". सगळ्यात चालतं ते कशातच धड बसत नाही.

मिलवाले_आजोबांचा_नातू
घरी बनवा, सांगतो कसं. आमचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात होते. १९९१ला मिल बंद पडेपर्यंत अनंत चतुर्दशीच्या झांकीचं (मिरवणुकीतल्या चित्ररथाचं) वायरिंग ते आणि त्यांची टोळी करायची. हलणारा हत्ती, फिरणारं चक्र, शेकडो दिवे, आणि रात्रभर रस्त्यावरून हादरे खात मिरवणूक. गाडीचा हादरा त्यापुढे काय!

त्यांची रीत अशी. मोठा प्लायवूड जमिनीवर ठेवायचा. जुनं हार्नेस त्यावर पसरून खडूने रेघ मारायची. जिथे फांदी फुटते, जिथे वळण आहे, तिथे दोन-दोन खिळे ठोकायचे. मग जुनं उचलून नव्या तारा एकेक करून त्या खिळ्यांमधून ओढायच्या. प्रत्येक टोकाला वीतभर तार जास्त. सगळ्या तारा आल्यावर दर वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधायच्या, मीटरने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची, आणि मगच वरून टेप किंवा सुती वेष्टण. वेष्टण आधी आणि तपासणी नंतर केली की चुकीची तार बरोबर मधोमध निघते, हे त्यांचं वाक्य.

आजोबा आता नाहीत, पण प्लायवूड आहे. भोकं पडून चाळण झालीये. हवा असेल तर स्नेहलतागंजला येऊन घेऊन जा.

रामबागवाला
नातूभाऊ, येतोच रविवारी.

शून्य_ओहम
तारेच्या जाडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हेडलाइटला २.५ स्क्वेअर एमएम, अँमिटरच्या मुख्य लाइनला ६, इग्निशन आणि हॉर्नला १.५, टेल-इंडिकेटरला १ पुरे. ६०/५५ वॅटचे बल्ब लावले तर दोन्ही मिळून १० अँपिअर. तीन मीटर तारेत १.५च्या तांब्यावर जवळजवळ ०.४ व्होल्ट खाल्ले जातात, २.५वर ०.२च्या आसपास. वर स्विच, डिपर, जोड यांचं वेगळं. बल्बपाशी १२ऐवजी ११ व्होल्ट पोचले तर उजेड पाव हिश्शाने कमी होतो. लोक मग जास्त वॅटचा बल्ब लावतात, करंट वाढतो, तारेत अजून व्होल्टेज पडतं.

यावर उपाय रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. डॅशबोर्डच्या स्विचमधून फक्त रिलेची कॉइल चालते, जेमतेम पाव अँपिअर. बल्बचा करंट बॅटरीच्या लाइनवरून फ्यूजमधून थेट रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर, ८७ नंबरच्या टोकावरून बल्बला. जुना मूळ स्विच त्यामुळे वाचतो. रिले रेडिएटरच्या चौकटीमागे लपवले की मूळ_नट_बोल्ट साहेबांनाही दिसणार नाहीत.

मूळ_नट_बोल्ट
मला दिसतात. पण रिलेला माझा विरोध नाही, आश्चर्य वाटेल. ज्याने मूळ भाग टिकतो ते सगळं चालेल. फक्त भोकं नवी पाडू नका.

शनिवारपेठी_इंदूरकर
पण या बदलांनी विंटेज नोंदणी अडेल का? २०२१च्या नियमात पन्नास वर्षं झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना वेगळी 'व्हीए' मालिका आहे. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण ५,०००. १९७१ची म्हणजे वयाने बसते.

मूळ_नट_बोल्ट
तिथे बोट आहे ते चासी, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या फेरफारांवर. तारांनी अडू नये. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. दर रविवारी मांडू करायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

पोहे_शेव_जिरावण
जोडांना झाळायचं (सोल्डर) की दाबायचं (क्रिम्प)? हा प्रश्न विचारून मी पळतोय.

बडोदेकर
झाळायचं. कायमचं काम.

शून्य_ओहम
दाबायचं! रांगा तारेच्या धाग्यांमधून आत चढतो, तितका भाग ताठ होतो. जिथे ताठपणा संपतो तिथे हादऱ्याने तार तुटते. जीपमध्ये हादरे कमी आहेत का? चांगला क्रिम्पिंगचा पाना आणि चांगलं पितळी थिंबल, वर हीट श्रिंक स्लीव्ह. पकडीने चेपलेलं थिंबल म्हणजे क्रिम्पिंग नव्हे.

निवृत्त_फोरमन
झाळलेल्या जोडाला मागे वीतभर आधार देऊन बांधलं तर तोही टिकतो. आमची पिढी तसंच करत आली. पण आज हातात चांगला पाना असेल तर दाबाच. आणि हार्नेसच्या मधोमध जोड नकोच, कुठल्याही प्रकारचा.

रामबागवाला
मोठी रजा झाली, माफी. हार्नेस तयार आहे. नातूभाऊंच्या प्लायवूडवरच केलं, आजोबांच्या जुन्या भोकांतली काही माझ्या जीपला जशीच्या तशी जुळली. रंग लुकासचे. पिवळी-हिरवी मिळेना, तिथे पिवळीवर हिरव्या स्लीव्हचे तुकडे चढवलेत. बाहेरून काळी सुती टेप, फायरवॉलला नवं ग्रोमेट, तिन्ही अर्थ पट्ट्या. डायनामो ठेवलाय, अँमिटरही. बडोदेकर, रागावू नका. हेडलाइटला दोन रिले, ग्लोव्ह बॉक्समध्ये सहा फ्यूजचा डबा, आणि सेल्फच्या सोलेनॉइडपाशी ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज.

आता बॅटरी जोडायची हिंमत होत नाहीये. सरळ जोडू?

निवृत्त_फोरमन
नको. मुख्य फ्यूज काढा आणि त्याच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडा. मग बॅटरी लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब लागता कामा नये. भगभगीत लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही, त्यामुळे काही जळणार नाही. मग एकेक स्विच लावून बघा. टेल लॅम्प लावल्यावर बल्ब मंद लागेल, ते ठीक.

रामबागवाला
काका, सगळं बंद आहे. किल्लीसुद्धा खिशात. आणि बल्ब भगभगीत लागलाय.

महूकर_मेघना
हॉर्नची तार? स्टिअरिंगच्या नळीत घासते.

रामबागवाला
काढून बघितली. तसाच.

शून्य_ओहम
फ्यूजच्या डब्यातले सहाही काढा.

रामबागवाला
काढले. तरी लागलेलाच आहे. म्हणजे फ्यूजच्या आधी काहीतरी.

निवृत्त_फोरमन
रेग्युलेटरच्या डब्यावरची डी टोकाची पिवळी काढा.

रामबागवाला
विझला!!

निवृत्त_फोरमन
मग तुमचं हार्नेस निर्दोष आहे. डब्याचं झाकण उघडा. जाड तारेच्या वेटोळ्याचा कट-आउट (डायनामो आणि बॅटरीमधला आपोआप चालणारा स्विच) असतो, त्याचे पॉइंट चिकटलेत. इंजिन बंद असताना ते उघडे हवेत. बॅटरी डायनामोला मोटर समजून करंट पाजतेय. बॅटरी काढून ठेवा, पॉइंट अलगद सोडवा, बारीक पॉलिश पेपर कोरडाच फिरवा. स्प्रिंगला हात लावू नका.

रामबागवाला
सोडवले. पॉइंटवर तिळाएवढा खड्डा आहे, घासून सपाट केलाय. डी परत जोडली, बल्ब बंद. टेल लावले, मंद. हॉर्न दाबला, बल्ब लागला आणि हॉर्न कुरकुरला. आता मुख्य फ्यूज टाकून सुरू केली. आयडलला काटा मधोमध, जरा रेस दिली की उजवीकडे. हेडलाइट लावूनही उजवीकडेच. वास नाही.

बडोदेकर
अभिनंदन. पण पॉइंट चिकटतात म्हणूनच म्हणत होतो, अल्टरनेटर लावा.

मूळ_नट_बोल्ट
अल्टरनेटरचा डायोड शॉर्ट झाला असता तरी बल्ब असाच लागला असता. आणि तो पॉलिश पेपरने दुरुस्त झाला नसता.